पहिल्या वेतापर्यंत

आबा,

आक्काचा रिपोर्ट आला. तुमच्या लेकीचा. घरात कुणाला हे नीट सांगता येईना म्हणून तुम्हाला सांगतोय. तुम्हाला जाऊन पस्तीसेक वर्षं झाली, त्यामुळं तुम्ही मधेच तोडणार नाही आणि धीर धर म्हणून खांद्यावर हातही ठेवणार नाही. धीराचा मला कंटाळा आलाय. शिरोलीच्या माझ्या ओतकामाच्या शेडवर येणारा प्रत्येक जण "हुईल की बरं" म्हणतो, आणि मी "व्हय व्हय" म्हणून चहा सांगतो.

आक्काला फुप्फुसाचा कॅन्सर आहे. लिहून टाकलं, बरं झालं. तोंडानं अजून म्हणवत नाही. जन्मात तिनं बिडी ओढली नाही, मशेरी लावली नाही. कागलला दिली तेव्हापासून ऊस आणि म्हशी यांच्या मधल्या वाटेवरच तिचं आयुष्य गेलं. खोकला सुरू झाला तेव्हा वैरणीची धूळ म्हणून सोडून दिला. मग गावातल्या डॉक्टरनं क्षय असेल म्हणून गोळ्या दिल्या, त्या तिनं मुकाट खाल्ल्या, आणि ब्लाऊजच्या बाह्या सैल होत गेल्या. मी भाऊबीजेला गेलो होतो. ओवाळायला ताट उचलून ती उभी राहिली आणि तेवढ्यानं तिला दम लागला. माझे कान तुम्हाला ठाऊक आहेत. तिनं तो दम पदराआड लपवला, पण निरांजनाची ज्योत डोळ्यांना दिसायच्या आधी तिच्या छातीतली घरघर मला ऐकू आली होती. दुसऱ्याच दिवशी तिला गाडीत घालून कोल्हापूरला आणलं. एक्स-रे, स्कॅन, मग पाठीतून सुई घालून गाठीचा एक बारीक तुकडा काढला.

कॅन्सर आहे एवढं त्या तुकड्यावरून लवकरच कळलं. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एवढ्यावर औषध ठरत नाही, तुकडा अजून पुढं पाठवायचाय, त्यातले जीन बघायला. माझं तोंड बघून त्यांनी समजावलं, "आजाराचं नाव एक असलं तरी स्वभाव वेगवेगळे असतात. गाठीच्या जीनमध्ये काही खुणा सापडतात, आम्ही मार्कर म्हणतो. कुठली खूण आहे त्यावर औषध ठरतं, आणि आजार पुढं कसा वागेल त्याचाही अंदाज येतो." मला हे लगेच पटलं, आपला धंदाच तो. तुमच्या वेळी लोखंडाच्या रसाचा रंग बघून ओतायचे. आता आम्ही ओतायच्या आधी पळीभर रस काढून रुपयाएवढी चकती पाडतो आणि मशिनीखाली धरतो. बाहेरून सगळं ओतीव बीड सारखंच करडं. आत कशाची चिमूट जास्त पडलीय त्यावर ते ठिसूळ निघणार की तग धरणार हे ठरतं. आक्काची चकती तपासायला गेलीय, असं मी मनाला सांगितलं.

निघताना न राहवून विचारलं, "मॅडम, आमचे वडील पण छातीनंच गेले. त्यांच्याकडनं आलंय काय हे?" त्या म्हणाल्या, "आम्ही ज्या खुणा शोधतोय त्या जन्माबरोबर आलेल्या नसतात. नंतर गाठीतच झालेला बदल असतो तो. वडिलांवर घेऊ नका." आबा, खरं तर हे मी पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं. तुमच्यावर काही नाही. तुम्हाला काय झालं होतं ते मात्र आता कुणालाच सांगता येणार नाही, कारण तुमचा तुकडा कुणी काढलाच नव्हता. एक्स-रे उजेडाकडं धरून डॉक्टर 'डाग आहे' म्हणाले आणि घरी न्या म्हणाले. आम्ही तुम्हाला घरी आणलं.

आक्काला काय सांगायचं हे दाजींनी दवाखान्याच्या आवारातच ठरवून टाकलं. "पावणं, तिला न्हाय सांगायचं. आमच्यात न्हाय सांगत. माणूस नाव ऐकूनच निम्मं मरतंय." मी मान डोलावली. आजार पेशंटचा आणि रिपोर्ट घरच्यांचा, ही आपल्याकडची रीतच आहे, तिच्यात नवं काही नव्हतं. आक्काला सांगितलं, साधी गाठ आहे. डॉक्टरीणबाईंनाही गाठच म्हणा म्हणून सांगायला गेलो, तर त्या म्हणाल्या, "मी आपणहून बोलणार नाही. पण त्यांनी विचारलं तर खोटं सांगणार नाही."

"ती कशाला इचारती," दाजी म्हणाले. "आमी हाय की इचारायला."

रिपोर्ट घ्यायला मी एकटाच गेलो. पहिली खूण सांगताना डॉक्टरीणबाईंचा आवाज मोकळा होता. ही खूण असली की रोज एक गोळी घ्यायची, सलाईनमधलं औषध लगेच लागत नाही, बऱ्याच जणांचा दम आणि खोकला थोड्या दिवसांत हटतो. बिडी-सिगारेट न ओढलेल्या बायकांत ही पुष्कळदा सापडते म्हणाल्या. मग त्यांनी पान उलटलं आणि श्वास घेतला. 'पण' म्हणायच्या आधीचा श्वास. गिऱ्हाईक भाव पाडायच्या आधी घेतं तो, बँकेतला साहेब नाही म्हणायच्या आधी घेतो तो. तो श्वास ऐकून उत्तर तयार ठेवायचं, एवढ्या एका विद्येवर मी वाळू चाळण्यापासून स्वतःच्या शेडपर्यंत आलो.

पहिल्या खुणेच्या जोडीला दुसरी एक खूण निघाली होती. ती सोबत असली तरी गोळी चालते, पण गोळीचा जोर लवकर ओसरायची शक्यता जास्त.

"लवकर म्हंजे किती?"

"पुष्कळ पेशंट बघून काढलेला अंदाज असतो हा. तुमच्या बहिणीचा म्हणून एक आकडा मी नाही देऊ शकत."

"तरी पण, मॅडम."

"दिला तर तुम्ही तोच धरून बसाल," त्या म्हणाल्या. कडकपणे नाही. त्यांनाही सांगताना जड जात होतं, ते मला ऐकू येत होतं.

येताना गाडी उद्यमनगरातनं घातली. तुमची फौंड्री होती तिथं आता टाइल्सचं दुकान आहे, काचेचं. मी समोर गाडी लावून बसून राहिलो आणि आतलं सगळं पुन्हा दिसायला लागलं. साचे फोडून झालेत, कास्टिंगं अजून कोमट आहेत, आणि तुम्ही पंपाच्या बॉडीला दोर अडकवून ती टांगताय. हातोडी एवढीशी. एकदा मारायची आणि ऐकायचं. खणखणीत वाजलं तर पास. बद्द वाजलं तर आत चीर आहे, खडूची फुली आणि परत भट्टीत. मी शाळा सोडून तुमच्या हाताखाली लागलोय, माझे कान तिखट म्हणून सगळी फौंड्री कौतुक करतेय आणि मला त्याचा माज आलाय. तुम्ही भाकरी खायला बसता आणि मी टांगायचा कंटाळा करून, वाळूवर पडलेलीच अख्खी रांग वाजवून टाकतो. निम्म्यांवर फुल्या मारतो. तुम्ही हात धुऊन येता, फुल्या बघता, ओरडत नाही. फुली मारलेलं एक कास्टिंग उचलून टांगता आणि हातोडी माझ्याच हातात देता. मी मारतो. ते असं वाजतं की भाकरी खाणारी माणसं वळून बघतात.

"जमिनीला टेकलेलं वाजवू नगंस," तुम्ही म्हणता. "धरलेला आवाज मरतोय. आदी मोकळं कर, मग काय ते त्येलाच बोलू दे." आणि माझ्या सगळ्या फुल्या ओल्या फडक्यानं मलाच पुसायला लावता, बाकीचे हसत असताना.

तरी कागलला जाताना मी ठरवलंच होतं की आक्काला फक्त पहिली खूण सांगायची. गोड बातमी, निम्मी का होईना, खोटी तर नव्हती. ती गोठ्यात होती. तिची एक रेडी आहे, आई वेताना मेली म्हणून आक्कानं बाटलीनं दूध पाजून वाढवलेली. त्या जनावराला आक्काशिवाय कुणी जवळ आलेलं चालत नाही. आक्का तिच्या पाठीवरून खरारा फिरवत होती. मधे मधे थांबून दम घेत होती.

"आक्का, रिपोर्ट झकास आलाय. रोज एक गोळी. बास."

"आनि?"

"आनि काय?"

"आनि दुसरं काय म्हनाली डॉक्टरीण?"

"काय न्हाय."

तिनं खरारा थांबवला. "तू कवापास्नं एवढं हळू बोलायला लागलास रे? शेडात बोंबलतोस तवा हायवेला ऐकू जातंय म्हनं."

मी हसलो. ती हसली नाही. रेडीच्या पाठीवर हात तसाच ठेवून म्हणाली, "आबास्नी मी असंच सांगायची. ते रोज इचारायचे, पोरी, डॉक्टर काय म्हनला? काकांनी बजावलं हुतं, बोलायचं न्हाय. मी म्हनायची, काय न्हाय आबा, खोकला हाय. ते 'बरं' म्हनून भिताडाकडं तोंड करायचे. जल्मभर बीड वाजवून बघितलेला मानूस, त्येला माझा आवाज कळंना व्हय? आनि मग एक दिस त्यांनी इचारायचंच सोडलं. मला तरास नगं म्हनून."

आबा, हे मला माहीत नव्हतं. मंगळवार पेठेतल्या त्या दोन खोल्यांत तुमच्या खाटेपासून हातभर अंतरावर मी झोपायचो, आणि तुम्ही विचारायचं सोडलंत हे मला ऐकू आलं नाही. न विचारलेलं कसं ऐकू यावं.

"ही रेडी औंदा रेड्याकडं नेऊन भरवायला आली," आक्का म्हणाली. "भरवली तर वेस्तवर धा म्हैनं जात्यात. पैलारू जनावर, माझ्याबिगर दुसऱ्याच्या हाताला दूध द्यायची न्हाय. मी नसंन तर कासेत दूध तटून हाल हुतील हिचं. मी ऱ्हानार नसंन तर आत्ताच एकाद्या समजूतदार घरात हिला द्याय पायजे, भरवायच्या आदी. तवा मला कळाय पायजे. तुमच्या त्या गाठीनं माझं भागत न्हाय."

दाजी दारात येऊन उभे होते, काखेतली वैरण तशीच. "मी करंन की हिचं," ते म्हणाले.

"तुमी? तुमास्नी बघितलं की दावं तोडती ती."

दाजींनी वैरण खाली ठेवली आणि तिथंच तिच्यावर बसले.

पुढच्या वेळी आक्का आमच्याबरोबर आली. काठाची साडी नेसून, पावण्याकडं निघाल्यासारखी. आत गेल्या गेल्या तिनं डॉक्टरीणबाईंना सांगितलं, "बाई, ह्या दोघांस्नी भायेर बसवा. हे असले की माझं बोलनं बी हेच बोलत्यात." आम्ही बाहेर बाकावर बसलो, दोन मोठी माणसं, शाळेतनं काढल्यासारखी. मधे प्लायवूडची भिंत. दाजींना काही ऐकू येत नव्हतं. मला सगळं येत होतं.

"काय झालंय मला? गाठ म्हनू नगा."

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. नाव घेऊन, सावकाश. मग खुणांचं सांगितलं. एक आपल्या बाजूची, दुसरी विरुद्ध. आक्काचा रडायचा आवाज येईल म्हणून मी बाकाची कड धरून बसलो होतो. आला नाही.

"बाई, माझी एक रेडी हाय," ती म्हणाली, आणि सगळं सांगितलं, बाटलीनं पाजल्यापासून. "तिचं पैलं दूध मी काढीन का न्हाय, एवढंच सांगा. आकडा नगं मला."

आत खुर्ची पुढं सरकल्याचा आवाज आला. मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रेडी भरवा. पहिल्या वेताला तुम्ही असाल असं मला वाटतं. खात्री कुणीच देऊ शकत नाही, पण गोळी लागू पडली तर तेवढं बहुतेकांना मिळतं. दुसऱ्या वेताचं विचाराल तर त्या दुसऱ्या खुणेमुळं मी बोलणार नाही."

"मग झालं तर," आक्का म्हणाली. "दुसऱ्या वेताला कोन काढनार ते मी बघते." आणि आत दोघी चक्क हसल्या. इतक्या महिन्यांत तिचा इतका स्वच्छ आवाज मी ऐकला नव्हता. आम्ही तिला सारखं धरून होतो ना, आबा.

दाजींनी मला कोपरानं ढोसलं. "काय बोलायल्यात?"

"रेडी भरवायची म्हणायल्यात."

त्यांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली, परत घातली. "बरं हाय," म्हणाले, आणि भिंतीवरच्या छातीच्या चित्राकडं बघत बसले.

गोळी लागू पडली. तोंडावर पुरळ उठलं, नखांच्या कडा सोलल्या, पण खोकला गेला. खरोखरच गेला. आक्का पुन्हा वैरण कापायला लागली. रेडी भरवली आणि गाभण राहिली. आणि दुसऱ्या वेताची तयारी तिनं त्याच आठवड्यापासून सुरू केली. म्हणजे काय, तर दाजींना रोज गोठ्यात उभं करायचं. तिची जुनी साडी त्यांच्या खांद्यावरनं पदरासारखी टाकायची, वासानं जनावराला ओळख पटावी म्हणून, आणि तिच्या आवाजात, तिच्याच शब्दांत बोलायला लावायचं. मिशीवाला माणूस, विकास सोसायटीवर एकदा निवडून आलेला, पदर घेऊन रेडीला "ये गं माज्ये बाय" म्हणतोय. गल्लीतली पोरंबाळं कुंपणाशी जमायची. मी गेलो तर दाजी म्हणाले, "हसा पावणं, हसून घ्या." मी हसलोही. आक्का गोठ्याच्या कट्ट्यावर बसून हुकूम सोडत होती, "तसं न्हवं, खांद्याला हात लावा आदी. घाबरायलाईसा तुमी, म्हनून ती घाबरती." दोन लाथा बसल्या, एकदा पायाचं बोट सुजलं. दाजी दुसऱ्या दिवशी पुन्हा पदर घेऊन उभे. दसऱ्याच्या सुमारास रेडीनं त्यांना कासेला हात लावू दिला. त्या दिवशी आक्कानं मला फोन केला, आणि बोलली काहीच नाही, फोन गोठ्यात नुसता धरून ठेवला. दाजींचा आवाज येत होता, बारीक, लाडिक, हुबेहूब आक्कासारखा. मी शेडमधली मशीन बंद करायला लावून ऐकत राहिलो.

आता रेडीचे दिवस भरत आलेत. कास उतरलीय. आक्कानं मला सांगून ठेवलंय की खरवसाला येताना डबा मोठा आण, तुझ्या पोरांच्यात भांडणं नकोत.

गेल्या आठवड्यात तिला तपासणीच्या तारखेबद्दल विचारायला म्हणून कोल्हापुरात शाहूपुरीला आणलं होतं, बरोबर थोडी खरेदीही होती. संध्याकाळी कागलला सोडायला निघालो. हायवेला लागलो आणि ती खोकली. एकदाच. कोरडा नाही, खालून आलेला. भाऊबीजेला पदराआड ऐकली होती तीच घरघर त्यात होती. हात आपसूक पुढं गेला आणि मी गाडीतलं गाणं मोठं केलं.

आक्कानं हात पुढं करून ते बारीक केलं. "मला माझं ऐकू दे की," म्हणाली, आणि काचेतून उसाकडं बघत बसली. घरापर्यंत आणखी दोनदा खोकली. दोन्ही वेळा मी ऐकलं, आणि ती मला ऐकताना बघत होती. उतरताना एवढंच म्हणाली, "ह्यास्नी आज सांगू नगंस. रेडीला हात लावायचा हाय त्यास्नी, हात थरथरंल."

सोमवारी तिला घेऊन जायचंय. पुन्हा स्कॅन, लागला तर पुन्हा तुकडा. डॉक्टरीणबाई म्हणतात, नव्या खुणा शोधता येतात, दुसरी औषधं असतात. असतील. मी बाहेर बाकावर बसणार आहे.

हा कागद मी शेडच्या खणात ठेवीन, तुमच्या हातोडीखाली. ती अजून आहे, दांडा दोनदा बदललाय. कागद पोस्टात टाकायचा म्हटलं तरी कुठल्या पत्त्यावर टाकणार. आणि आबा, वरती मी रिपोर्ट आला म्हणून लिहिलं, ते आज आल्यासारखं वाटत असेल. तो येऊन वर्ष होत आलं. खोकल्यानं सुरुवात करवेना, म्हणून रिपोर्टनं केली.